स्नेह आणि लेप

मोटरसायकलच्या चेनला तेल देताना एकाच पदार्थाकडून दोन उलट गोष्टींची अपेक्षा असते. तेल आत मुरले पाहिजे आणि बाहेर दिसता कामा नये. आत ते पोचले नाही तर लोखंड लोखंडाला झिजवते. बाहेर राहिले तर धूळ धरते, रिमवर काळे शिंतोडे उडवते, पायजम्याच्या कडेला न निघणारा डाग पाडते. आतल्या तेलाला संस्कृतात ‘स्नेह’ म्हणता येईल आणि बाहेरच्याला ‘लेप’. भारतीय तत्त्वचिंतनात हे दोन्ही शब्द वजनदार आहेत. कर्म करणाऱ्याला त्या कर्माचा लेप लागतोच का, आणि लागत असेल तर तो टाळण्यासाठी कर्मच सोडावे का, हा त्यातला फार जुना वाद. या वादात चेनचा दाखला घेणे ओढूनताणून केलेले नाही. गाडीच्या आसाला लावलेले वंगण हा दृष्टान्त आयुर्वेद, बौद्ध आणि जैन या तिन्ही परंपरांनी गंभीरपणे वापरला आहे.

आधी चेन कशी असते ते पाहिले पाहिजे. आजच्या रोलर चेनचे पेटंट हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने 1880 मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे घेतले आणि मूळ रचना अजून तीच आहे. बाहेरच्या दोन पट्ट्या पिनांनी जोडलेल्या, आतल्या दोन पट्ट्या बुशांनी जोडलेल्या, पिन बुशाच्या पोटात फिरते आणि बुशावर रोलर फिरतो. चेन दात्यावरून वळते तेव्हा खरी घासाघीस पिन आणि बुश यांच्यामध्ये होते, म्हणजे डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या जागी. ‘चेन ताणली गेली’ असे सर्रास म्हटले जाते, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांधा आतून थोडा थोडा झिजतो. प्रत्येक सांध्यात दशांश मिलिमीटर झीज झाली तर 110 दुव्यांची चेन 11 मिलिमीटरने लांब होते. कुठलाही एक सांधा तपासला तर त्यात काही बिघडलेले दिसणार नाही, आणि तरीही चेन टाकाऊ झालेली असू शकते.

तेल बाहेर का फेकले जाते, याचा हिशेब करता येतो. पुढे 14 दाते, मागे 42 दाते, अर्ध्या इंचाचा म्हणजे 12.7 मिलिमीटरचा पिच (लगतच्या दोन पिनांमधले अंतर) आणि मागच्या चाकाचा घेर सुमारे 1.9 मीटर अशी साधी गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली, तर चेन सेकंदाला 4.7 मीटर धावते. पुढच्या छोट्या चक्रावरून वळताना तिच्यावरच्या थेंबाला बाहेर फेकणारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 80 पट असते. पट्टीच्या बाहेरच्या अंगावर बसलेला थेंब ही ओढ सोसू शकत नाही, तो उडतोच. मात्र चेनच्या आतल्या अंगाला, दात्यांच्या बाजूला, तेल सोडले तर तीच ओढ त्याला पट्ट्यांच्या फटींतून सांध्याकडे ढकलते. घाण करणारी शक्ती आणि काम करणारी शक्ती वेगळ्या नाहीत. तेल कोठे ठेवले, एवढ्यावर सगळा फरक पडतो.

न्याय-वैशेषिक दर्शनाने स्नेहाला चोवीस गुणांत स्थान दिले आहे. वैशेषिकाचा भाष्यकार प्रशस्तपाद याच्या मते स्नेह हा पाण्याचा विशेष गुण. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त त्याची व्याख्या कार्यावरून केली: पीठ, भुकटी अशा सुट्या कणांचा गोळा ज्याच्यामुळे होतो तो स्नेह. मग तेलाचे काय, असा आक्षेप येणारच होता, कारण तेल पाण्यासारखे विझवत नाही, उलट पेटते. त्याच शतकातल्या विश्वनाथ पंचाननाने उत्तर दिले की तेलातला स्नेहही मूळ पाण्याचाच, पण तो उत्कट प्रतीचा असल्यामुळे अग्नीला अनुकूल ठरतो. रसायनशास्त्राला हे मान्य होणार नाही. व्याख्येतले निरीक्षण मात्र अचूक आहे. कणकेचा गोळा ज्या गुणाने होतो, त्याच गुणाने चेनवर बसलेल्या धुळीचा गोळा होतो. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते पोलादापेक्षा कठीण असतात. कोरडी धूळ वाऱ्याने झडून जाते. तेलात कालवली की तिचे धार लावायच्या लेपासारखे मिश्रण होते आणि चेन पुढे जाईल तसे ते चक्राचे दाते आणि रोलर खात राहते. म्हणजे जास्त तेल घातल्याने जास्त रक्षण होत नाही. ठरावीक हद्दीपलीकडे स्नेह स्वतःच झिजेचे साधन होतो.

ही हद्द ओळखण्याला जुना शब्द ‘मात्रा’. आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच मात्राशितीय, म्हणजे मापाने खाण्याविषयीचा अध्याय. रोज अंगाला तेल लावण्याचे महत्त्व त्याच अध्यायात सांगितले आहे आणि तिथे तीन दाखले एकापाठोपाठ येतात: तेल मुरवलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस. तिन्ही वस्तू स्नेहामुळे बळकट आणि कष्ट सोसणाऱ्या होतात, तसेच शरीर. आहाराच्या मापावरचा अध्याय आणि वंगणाचा दाखला एकत्र यावेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आस चरकसंहितेत पुन्हा भेटतो तो अधिक खोल प्रश्नाच्या संदर्भात. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, माणसाचे आयुष्य ठरलेले असते की नसते? ठरलेलेच असेल तर औषध, पथ्य, काळजी या सगळ्याला अर्थ उरत नाही. आत्रेयांचे उत्तर गाडीच्या आसावरून जाते. चांगल्या गुणांचा आस नीट वाहिला गेला तर आपल्या मुदतीने झिजून संपतो. तो त्याचा काळ. पण तोच आस जास्त भाराने, खडबडीत वाटेने, आडवाटेने, खीळ निसटल्याने किंवा वंगण न दिल्याने मध्येच मोडतो. तो अकाळ. वंगण न देणे हे कारण त्या यादीत मोडतोडीच्या इतर कारणांच्या बरोबरीने आले आहे. दैव आणि पुरुषार्थ यांच्या वादात ही भूमिका फार समंजस आहे. झीज अटळ आहे, हे ती नाकारत नाही. झिजेला किती काळ लागेल, हे मात्र पुष्कळ अंशी वापरणाऱ्याच्या हातात आहे, असे ती बजावते. नियमित तेल मिळालेली चेनही एक दिवस बदलावी लागते. म्हणून तेल देणे व्यर्थ ठरत नाही.

श्रमण, म्हणजे बौद्ध आणि जैन, परंपरांनी हाच दाखला आणखी बारीक केला. बौद्धांच्या संयुत्तनिकायातल्या रथोपम सुत्तात भिक्षूने जेवावे कसे, हे सांगताना दोन उपमा येतात. जखमेला मलम लावतात ते ती भरून यावी एवढ्यासाठी. आसाला वंगण देतात ते ओझे पोचावे एवढ्यासाठी. पालीत या जाणिवेला भोजनातील ‘मत्तञ्ञुता’ म्हणतात, मात्रा जाणणे. जैन परंपरेत आठव्या शतकातील अकलंकाने ‘तत्त्वार्थराजवार्तिका’त मुनीच्या भिक्षेला जी नावे दिली आहेत त्यांत एक ‘अक्षम्रक्षण’ आहे, म्हणजे आसाला वंगण देणे. व्यापारी रत्नांनी भरलेली गाडी मिळेल त्या वंगणाने आस माखून इच्छित नगराला नेतो. तसे मुनीने गुणांनी भरलेली देहाची गाडी निर्दोष भिक्षेच्या वंगणाने समाधीच्या नगरापर्यंत न्यावी. दोन्हीकडे वंगण नाकारलेले नाही. संन्यस्तालाही खावे लागते. नाकारली आहे ती वंगणाचीच गोडी लागणे. आसाला वंगण देणारा ते चाटून पाहत नाही, त्याच्या रंगाचे कौतुक करत बसत नाही, उरले म्हणून आणखी थापत नाही.

या दृष्टीने पाहिले तर चेनला तेल देण्याची रीत ही मात्रा, जागा आणि वेळ पाळण्याचीच रीत आहे. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद. चालत्या इंजिनवर चेन फिरवून तेल सोडण्याची सवय बोटे तोडते. चेन आणि चक्र यांच्यामध्ये सापडलेले बोट परत मिळत नाही. मागचे चाक हाताने फिरवायचे. टायर आणि ब्रेक यांच्या बाजूने जुना पुठ्ठा धरायचा, कारण टायरच्या रबरावर किंवा ब्रेकच्या डिस्कवर गेलेले तेल हा डाग नसतो, अपघात असतो. आधी मळ काढायचा: रॉकेलने ओलसर केलेले फडके आणि मऊ ब्रश पुरतो. पेट्रोल आणि तारेचा ब्रश वापरू नये. मळावरच तेल ओतणे ही सर्वांत मोठी चूक, कारण त्याने बाहेरची रेती पातळ होऊन आत जाते. साफ केलेली चेन कोरड्या फडक्याने पुसून वाळू द्यायची.

मग तेल. बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिका 80 किंवा 90 ग्रेडचे गिअर ऑइल किंवा चेनसाठी बनवलेला फवारा सुचवतात. इंजिनमधून काढलेले काळे तेल फुकट मिळते म्हणून चेनवर ओतले जाते. त्यात धातूचा चुरा आणि जळकी काजळी असते, म्हणून ते टाळावे. तेल सोडायचे ते खालच्या पदराच्या आतल्या अंगावर, जिथे पट्ट्या एकमेकींवर येतात त्या फटींत, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब. 110 दुव्यांना 220 थेंब, आणि साधारण 20 थेंबांचा 1 मिलिलिटर धरला तर सगळे मिळून 11 मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे. एवढ्या मोठ्या यंत्राची गरज एवढीच आहे, हे पहिल्यांदा मोजणाऱ्याला खरे वाटत नाही. गाडी नुकतीच फिरून आलेली असेल तर चेन कोमट असते आणि तेल पातळ होऊन लवकर आत जाते. चाक सावकाश आठ-दहा वेळा फिरवून थोडा वेळ थांबायचे.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि घाण होते ती तिथेच: कोरडे फडके चेनभोवती धरून चाक फिरवायचे आणि बाहेरचे तेल पुसून टाकायचे. आत्ताच दिलेले पुसायचे, हे जिवावर येते. पण पुसले जाते ते बाहेरचे. सांध्यात मुरलेले फडक्याला लागत नाही. बाहेर गंजापासून राखण करणारा पुसट थर तेवढा उरतो. शक्य असेल तर हे सगळे संध्याकाळी करून गाडी रात्रभर उभी ठेवावी. फवाऱ्यातला उडून जाणारा भाग रात्रीत उडतो आणि सकाळी उरते ते चिकटून राहणारे वंगण. तेल देऊन लगेच भरधाव निघालेल्या गाडीच्या रिमवर दुसऱ्या दिवशी काळ्या रेघा दिसतात.

घाणीला कंटाळून तेलच न देणारेही पुष्कळ आहेत. चेन कोरडी, रिम स्वच्छ, हात स्वच्छ. काही आठवड्यांत सांधे करकरू लागतात, पट्ट्यांवर तांबूस गंज येतो, दुवे आखडतात. ही स्वच्छता वरवरची असते, कारण आत लोखंडाचा भुगा होत असतो. मराठीत ‘कोरडा’ हा शब्द माणसाच्या वागण्यालाही लावतात आणि तो कधीच कौतुकाचा नसतो. ‘ओशट’ आणि ‘मेणचट’ हेही कौतुकाचे शब्द नाहीत. भाषेने दोन्ही टोके नापसंत केली आहेत आणि मधल्या अवस्थेला ‘ओलावा’ हे सुंदर नाव दिले आहे.

कर्म आणि लेप यांचा वाद नेमका या दोन टोकांमध्ये आहे. ईशावास्य उपनिषदाच्या दुसऱ्याच मंत्रात शंभर वर्षे कर्मे करत जगण्याची इच्छा धरावी आणि अशा रीतीने कर्म माणसाला चिकटत नाही, असे म्हटले आहे. क्रियापद ‘लिप्’ हेच आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात आसक्ती सोडून कर्म करणाऱ्याला कमळाच्या पानाची उपमा दिली आहे: पान पाण्यातच असते, पाणी त्याला लागत नाही. आद्य शंकराचार्यांच्या मते ज्ञान झाल्यावर शेवट सर्वकर्मसंन्यासात होतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याला विरोध केला आणि ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही, सोडूही नये, असे मांडले. चेनचा दाखला टिळकांच्या बाजूने झुकतो, हे मान्य केले पाहिजे. न फिरणाऱ्या चेनला लेप लागत नाही हे खरे, पण न फिरणारी चेन म्हणजे नुसते लोखंडाचे ओझे.

तरी टिळकांच्या मांडणीत एक गोष्ट स्वतंत्रपणे पुढे येत नाही आणि ती विनोबांनी पुढे आणली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या ‘गीता प्रवचनां’त विनोबा बाहेरच्या स्वधर्मरूप कर्माला आतल्या विकर्माची, म्हणजे मनाच्या जोडीची, गरज सांगतात. कर्म बाहेर, विकर्म आत. दोन्ही मिळाली की त्या कर्माचे ओझे उरत नाही, त्याचे अकर्म होते. नुसते बाहेरून केलेले कर्म पट्टीवर चोपडलेल्या तेलासारखे आहे: भरपूर दिसते, धूळ धरते, सांध्याला पोचत नाही. आसक्ती म्हणजे जास्त प्रेम अशी एक समजूत आहे. या दाखल्यावरून ती तपासून पाहता येते. आसक्ती हे चुकीच्या जागी राहिलेले प्रेम आहे, जिथे हालचाल आहे तिथे न पोचलेले. म्हणून अनासक्तीचा उपाय प्रेम कमी करणे हा नाही, ते आत नेणे आणि बाहेर उरलेले निर्धाराने पुसणे हा आहे.

मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये आता पट्ट्यांमध्ये रबराची ओ-रिंग किंवा एक्स-रिंग असते. पिन आणि बुश यांच्यामधले ग्रीस कारखान्यातच भरून आत कोंडलेले असते. अशा चेनलाही बाहेरून तेल लागते, पण ते रोलर आणि दात्यांसाठी, गंज टाळण्यासाठी आणि रबर लवचीक राहावे म्हणून. म्हणजे आत स्नेह भरपूर असला तरी बाहेरची सेवा चुकत नाही, फक्त तिचे प्रयोजन बदलते.

मोटरसायकलच्या देखभालीतून तत्त्वविचार करणाऱ्यांत रॉबर्ट पिर्सिग यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे त्यांचे पुस्तक 1974 मध्ये आले. पिर्सिग काही काळ काशीच्या बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकत होते, आणि पुस्तकातला फीड्रस हा त्यांचाच पूर्वावतार तिथला वर्ग सोडून जातो ते एका उत्तरामुळे: हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेले बाँबही मायाच का, या प्रश्नाला प्राध्यापक हसून होकार देतात. पुढे पिर्सिग यांनी जे मांडले त्याचा गाभा असा की यंत्राविषयी आस्था असणे आणि काम उत्तम होणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. जगाला माया म्हणून हात झटकण्यापेक्षा हात काळे करण्यात अधिक अध्यात्म आहे, हा त्यांचा कल चरक आणि अकलंकाच्या दाखल्यांशी जवळचा आहे.

हात काळे झाल्यावर एक प्रश्न उरतो आणि देखभालीच्या पुस्तिका त्यावर फार बोलत नाहीत: चेनवरून निघालेली घाण गेली कोठे? गटारात ओतलेले काळे रॉकेल ओढ्याला मिळते, अंगणात ओतलेले विहिरीकडे झिरपते. तिथे घाण संपत नाही, तिची फक्त जागा बदलते. जैन आचारात मुनीसाठी पाच समिती सांगितल्या आहेत आणि त्यांतली शेवटची उत्सर्ग समिती पूर्णपणे टाकण्याच्या कृतीविषयी आहे: जे टाकायचे ते जीवजंतू नसलेल्या जागी, पाहून, कोणाला इजा न होईल असे टाकावे. चालणे, बोलणे, भिक्षा घेणे आणि वस्तू उचलणे-ठेवणे यांच्या बरोबरीने टाकण्याला व्रताचा दर्जा देणारा हा विचार गॅरेजच्या दारात लावण्याजोगा आहे. वापरलेले रॉकेल बाटलीत भरून ठेवता येते. गाळ खाली बसला की वरचे पुढच्या वेळी मळ काढायला चालते. खालचा गाळ आणि जुने तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. तेलकट फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, चूल किंवा ठिणगीपासून दूर, मोकळी पसरून ठेवावीत.

सर्वसाधारण वापरात दर 500 किलोमीटरला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर चेन पाहावी, असा प्रघात आहे. महाराष्ट्रात पावसाळा सरल्यावर लगेच खंडेनवमी आणि दसरा येतो. त्या दिवसांत हत्यारांबरोबर गाड्याही धुतल्या जातात, हळदकुंकू लागते, हँडलला झेंडूची माळ चढते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चेनवरचे वंगण निघून जाते आणि सांध्यात पाणी शिरते, पण पूजेच्या गडबडीत चेनकडे कोणाचे लक्ष नसते. वाचकांना विनंती एवढीच की यंदा गाडी धुतल्यावर माळ बांधण्याआधी चेन कोरड्या फडक्याने पुसावी, तिला तेल द्यावे, वरचे पुसून घ्यावे आणि मगच कुंकू लावावे. माळ बांधताना तिचा दोरा मागच्या चाकापर्यंत लोंबणार नाही, हेही पाहावे.